कोरियन शिकायचंय? आधी साधनं पारखून घ्या

कोरियन शिकायची असं ठरलं की पहिल्याच संध्याकाळी फोनमध्ये चार अॅप येतात, दोन यूट्यूब चॅनेल सबस्क्राइब होतात आणि कुणीतरी टेलिग्रामवर पाठवलेल्या पाच-सहा पीडीएफ साठतात. महिन्याने बघावं तर प्रत्येकातला पहिला धडा झालेला असतो आणि "आन्न्यॉङ्हासेयो"च्या (नमस्काराच्या) पुढे काही सरकलेलं नसतं. साधनं कमी पडली म्हणून असं होत नाही. ती जास्त झाली आणि प्रत्येकाची सुरुवात सारखीच असते, म्हणून होतं. नवशिक्याला लागतो एकच मुख्य अभ्यासक्रम आणि त्याच्या दिमतीला तीन गोष्टी: शब्दकोश, उजळणीची कार्डं आणि रोज ऐकायला काहीतरी.

दुसरी अडचण मराठी माणसाची खास आहे. नवशिक्यासाठीचं चांगलं साहित्य बहुतेक सगळं इंग्रजीतून आहे आणि ते इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. त्यांना जे अवघड वाटतं त्यातलं बरंच आपल्याला आयतं येतं, आणि आपण जिथे अडतो तिथे ही पुस्तकं गप्प असतात. म्हणून साधन निवडणं हे अर्धंच काम. ते मराठीतून कसं वाचायचं हे उरलेलं अर्धं.

एक सूचना आत्ताच. या लेखात कोरियन शब्द देवनागरीत दिले आहेत, पण ते फक्त इथल्या वाचनाच्या सोयीसाठी. तुमच्या वहीत हे करू नका. का ते पुढे येईलच.

लिपी: पहिले दहा दिवस फक्त तीच

कोरियन लिपीचं नाव हांगुल. राजा सेजोंगने ती १४४३मध्ये सिद्ध केली आणि १४४६मध्ये जाहीर केली. मूळ व्यंजनं १४ आणि मूळ स्वर १०. त्यात ५ जोडव्यंजनं आणि ११ जोडस्वर मिळवले की एकूण ४०. अक्षरं रोमनसारखी एका ओळीत येत नाहीत. व्यंजन, स्वर आणि गरज असेल तर खाली आणखी एक व्यंजन असा चौकोनी ठोकळा बनतो. बाराखडी गिरवलेल्या हाताला ही कल्पना लगेच पटते.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे व्यंजनांची रचना. आपण वर्णमाला कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चाराच्या जागेवरून लावतो. हांगुलमध्ये अक्षरांचे आकारच जीभ, ओठ, दात, घसा यांच्या स्थितीवरून घेतले आहेत. साध्या "ग"च्या अक्षरात एक रेघ वाढवली की "ख" होतो, "द"मध्ये वाढवली की "थ". महाप्राण म्हणजे एक जादा रेघ. हे समजावून सांगणारा लिपीचा धडा निवडा. "हे अक्षर बंदुकीसारखं दिसतं" अशा चित्रांवर चालणारे धडे दोन दिवस मजा देतात, पण अक्षरांमधलं नातं दाखवत नाहीत.

रोज ३०-४० मिनिटं दिली तर मूळ २४ अक्षरं चार दिवसांत येतात. पुढचे तीन दिवस जोडस्वर आणि जोडव्यंजनांना, शेवटचे तीन ठोकळ्याच्या तळाशी येणाऱ्या व्यंजनाला. या तळच्या व्यंजनाला बात्छिम म्हणतात. लिहिताना तिथे पुष्कळ व्यंजनं येऊ शकतात, पण त्यांचे उच्चार सातच होतात. कपडे या अर्थाचा शब्द तळाला "स" लिहून संपतो, पण एकटा म्हणताना "ओत्" ऐकू येतो. पुढे स्वर आला की लपलेला स बाहेर येतो आणि "ओशी" होतं. लिपीच्या धड्यात बात्छिम नसेल किंवा एका वाक्यात उरकला असेल, तर तो धडा अपुरा आहे. वाचता येतं पण ऐकलेलं लिहिता येत नाही, ही नेहमीची तक्रार इथूनच सुरू होते.

आता रोमन लिपीबद्दल. कोरियन रोमनमध्ये लिहिण्याची सध्याची सरकारी पद्धत २०००मध्ये आली. तिच्यात काही स्वरांसाठी दोन-दोन रोमन अक्षरं लागतात आणि आपण ती इंग्रजीच्या सवयीने वाचतो. सोलचं आपण "सेऊल" केलं ते यातूनच. मूळ उच्चार "सॉऊल"च्या जवळचा आहे. आपली "ह्युंदाई" तिकडे "ह्यॉन्दे" आहे. म्हणून साधनाची पहिली परीक्षा ही: लिपीचा भाग संपल्यावरही प्रत्येक वाक्याखाली रोमन ओळ असेल तर ते मुख्य साधन म्हणून घेऊ नका. डोळा सोप्या ओळीकडेच जातो आणि हांगुल वाचण्याचा वेग वाढतच नाही.

देवनागरी रोमनपेक्षा पुष्कळ बरी, पण तिचाही सापळा आहेच. कोरियनमध्ये त्रिकूट असतं: साधं, महाप्राण आणि ताठ व्यंजन. महाप्राण म्हणजे आपला ख, थ, फ, तो जमतोच. ताठ म्हणजे "पक्का", "पत्ता" म्हणताना मध्ये जिभेला बसतो तसा दाब, श्वास न सोडता. खरी पंचाईत साध्या व्यंजनाची. दोन स्वरांमध्ये ते सरळ "ग", "द", "ब" होतं. शब्दाच्या सुरुवातीला मात्र ते घोष राहत नाही, किंचित श्वास सुटतो आणि पुढचा स्वर खालच्या सुरात येतो. देवनागरीत यासाठी अक्षर नाही. "ग" लिहिलंत की तुम्ही शुद्ध मराठी ग म्हणता आणि सोलच्या माणसाला ते विचित्र वाटतं. स्वरांतही दोन ठिकाणी असंच होतं. एक "ऑफिस"मधल्या ऑसारखा, पण ओठ गोल न करता. दुसरा "उ", पण ओठ "ई" म्हणताना ताणतो तसे ताणून. दोन्ही अक्षरांवर देवनागरीत "ऑ" आणि "उ" लिहून ठेवलंत की ओठ आपोआप गोल होतात.

म्हणून लिपीचं जे साधन घ्याल त्यात माणसाच्या आवाजातल्या त्रिकुटांचा सराव हवा: दाल, थाल, त्ताल (चंद्र, मुखवटा, मुलगी) किंवा बुल, फुल, प्पुल (आग, गवत, शिंग). घरच्या घरी तपासायचं तर फोनच्या कीबोर्डमध्ये कोरियन भाषा टाका, माइक चालू करा आणि हे शब्द बोला. पडद्यावर तुम्हाला हवा तो शब्द उमटतोय का बघा. "थाल" बहुधा पहिल्या फटक्यात उमटेल. "दाल" म्हटलं आणि दुसरंच काही आलं, तर सूर खाली आणून पुन्हा म्हणा. सुटा शब्द यंत्राला ओळखता येत नसेल तर छोट्या वाक्यात घालून बघा.

मुख्य अभ्यासक्रम: एकच घ्या

कोणतंही साधन मुख्य म्हणून घेण्याआधी त्याचा पाचवा किंवा सहावा धडा उघडा. पहिला धडा सगळ्यांचाच चांगला असतो. पाच गोष्टी शोधा: प्रत्येक वाक्याला कोरियन माणसाचा आवाज, व्याकरणाचं स्पष्टीकरण, सोडवायला स्वाध्याय, त्यांची उत्तरं आणि वाक्य कुणाशी बोलायचं याची नोंद. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा गायब असते. कोरियनमध्ये क्रियापदाचं शेपूट बदललं की नातं बदलतं. "खाल्लं का?" हे मित्राला आणि कार्यालयातल्या वरिष्ठांना एकाच रूपात विचारता येत नाही. ही नोंद न देणारं साधन तुम्हाला चुकीच्या माणसाला "तू" म्हणायला शिकवतं.

या कसोट्यांना उतरणारी काही नावं.

हाऊ टू स्टडी कोरियन हे संकेतस्थळ फुकट आहे आणि फार सविस्तर. शून्याव्या विभागात लिपी, मग पहिल्या विभागात २५ धडे. "असं का?" हा प्रश्न ज्यांना सुटू देत नाही त्यांच्यासाठी हे उत्तम. पण एक गोष्ट आधी माहीत हवी: पहिल्या काही धड्यांत क्रियापदं मूळ, म्हणजे शब्दकोशातल्या रूपात दिली आहेत. काळ पाचव्या धड्याच्या सुमारास येतो आणि आदराची रूपं त्यानंतर. तोपर्यंतची वाक्यं रचना कळण्यासाठी आहेत, कुणाशी बोलण्यासाठी नाहीत. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण ती पाठ करतात आणि नंतर सगळं नव्याने शिकतात. धडे लांब आहेत. एका बैठकीत अर्धाच धडा धरा.

टॉक टू मी इन कोरियन २००९पासून चालू आहे. पहिल्या पातळीत २५ छोटे धडे, ऐकत शिकायचे. इथे पहिल्या दिवसापासून बोलायचं सभ्य रूप मिळतं, त्यामुळे लवकर तोंड उघडता येतं. बसमध्ये, लोकलमध्ये कानात घालून धडा होतो. उणीव अशी की नुसतं ऐकत गेलं तर सगळं कळल्यासारखं वाटतं आणि लिहायला घेतलं की काही येत नाही. प्रत्येक धड्यानंतर पाच वाक्यं हाताने लिहा. किती भाग फुकट आणि किती सशुल्क हे बदलत असतं, ते सुरुवातीलाच बघून घ्या.

सेजोंग हाकदांग ही कोरियन सरकारच्या पाठबळावर चालणारी, जगभर कोरियन शिकवणारी व्यवस्था. तिचं प्रतिष्ठान २०१२मध्ये उभं राहिलं. त्यांची पाठ्यपुस्तकमाला "सेजोंग हांगुगॉ" वर्गात शिकवण्यासाठी बनली आहे: संवाद, शब्द, व्याकरण, सराव अशा क्रमाने. ऑनलाइन वर्गही होतात. नावनोंदणी सत्रानुसार उघडते, म्हणून तारखांवर लक्ष ठेवावं लागतं. भारतात दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे. तुमच्या जवळचं हाकदांग कुठलं ते प्रतिष्ठानच्या अधिकृत यादीतच बघा. एखाद्या क्लासच्या जाहिरातीत "मान्यताप्राप्त" लिहिलं असेल तर तेही याच यादीत पडताळता येतं.

कोर्सेरावर योन्से विद्यापीठाचा "फर्स्ट स्टेप कोरियन" आहे. ज्याला शिक्षक पडद्यावर हवाच असतो त्याला हा बरा. मात्र तो खरोखरच पहिली पायरी आहे, त्यावर वर्ष निघणार नाही.

पुस्तकात "कोरियन ग्रामर इन यूज"चा बिगिनिंग हा भाग सगळीकडे सुचवला जातो आणि तो चांगलाच आहे, पण मुख्य अभ्यासक्रम म्हणून नव्हे. त्याची मांडणी विषयवार आहे: काळ एकीकडे, नकार एकीकडे, प्रत्यय एकीकडे. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत गोष्टी डोक्यात एकमेकींत मिसळतात. मुख्य धड्यात एखादा मुद्दा आला की या पुस्तकात तो काढून वाचा आणि तिथले स्वाध्याय सोडवा. पुस्तकाची पीडीएफ फिरत असते, पण तिच्याबरोबर आवाजाच्या फाइल बहुधा नसतात, आणि आवाजाविना पुस्तकाची निम्मी किंमत जाते.

ड्युओलिंगो आणि तसली अॅप रोज बसण्याची सवय लावतात, तेवढ्यासाठी ठेवा. प्रत्यय का बदलला हे ती नीट सांगत नाहीत. तुम्ही अंदाजाने योग्य चौकोन दाबत राहता.

इंग्रजीतलं स्पष्टीकरण मराठीतून वाचा

कोरियनबद्दल धडकी भरवणारा एक आकडा सगळीकडे दिसतो: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने कोरियनला सर्वांत अवघड गटात टाकून २२०० तास सांगितले आहेत. तो आकडा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहे. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम, नामाला मागून लागणारे प्रत्यय, आदराच्या पायऱ्या हे सगळं त्यांना शून्यातून शिकावं लागतं. आपण रोज तेच बोलतो.

"जॉनुन खॉफीरुल माश्यॉयो" म्हणजे "मी कॉफी पिते". शब्दांचा क्रम अगदी तोच. वर कोरियन क्रियापद पितो, पिते, पितात असं बदलत नाही. लिंग-वचनाची कटकटच नाही. प्रत्येक नवं वाक्य शिकताना इंग्रजी भाषांतर झाका आणि शब्दाखाली शब्द मराठी लिहा. बऱ्याचदा अख्खा धडा दोन ओळींत समजतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे आपलं "ऊन". "मान्नासॉ बान्गाप्सुम्निदा" हे इंग्रजी पुस्तकात "तुम्हाला भेटल्यामुळे मला आनंद झाला" अशा वळणाने समजावतात. मराठीत शब्दशः "भेटून आनंद झाला". "मॉगॉ ब्वायो"साठी तर "प्रयत्न करणे" असा स्वतंत्र व्याकरणाचा धडा असतो; आपण म्हणतो "खाऊन बघा", आणि कोरियनमध्येही ते "खाऊन" अधिक "बघणे" असंच आहे. "हे जुसेयो" म्हणजे "करून द्या". देण्याचं क्रियापद जोडून दुसऱ्यासाठी काम करणं हे मराठी कानाला समजावावं लागत नाही.

उच्चारातही आपल्याकडे एक किल्ली आहे. कोरियनमध्ये लिहितात "गुक" अधिक "मुल" (रस्सा), म्हणतात "गुङ्मुल". लिहितात "हाप्निदा", म्हणतात "हाम्निदा". शाळेत शिकलेला संधी आठवा: वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं. नियम तोच. इंग्रजी पुस्तकांत याची तक्ते भरून यादी येते. तुम्हाला ही दोन उदाहरणं पुरतील.

पण मराठी जिथे फसवते तिथे सावध राहावं लागतं, आणि मराठीच्या अंगाने हे कुठलंही इंग्रजी पुस्तक सांगणार नाही. पहिली जागा "आहे". "तो विद्यार्थी आहे" आणि "पुस्तक आहे" यांत आपण एकच क्रियापद वापरतो. कोरियनमध्ये ती दोन आहेत: ओळख सांगायला "इएयो", असणं किंवा जवळ असणं सांगायला "इस्सॉयो". मराठी शिकाऊ इथे हमखास अडखळतात. दुसरी जागा "त" हा प्रत्यय. "शाळेत जाते" आणि "शाळेत अभ्यास करते" यांत तोच त. कोरियनमध्ये जाण्याच्या ठिकाणाला "ए" लागतो आणि काम जिथे घडतं त्या ठिकाणाला "एसॉ". हाक्क्यो-ए गायो, पण हाक्क्यो-एसॉ गोङ्बुहेयो. तिसरी जागा "तुम्ही". शब्दकोशात "दाङ्शिन" सापडेल, पण ओळखीच्या किंवा मोठ्या माणसाला ते म्हणायचं नसतं. नावापुढे "श्शी" लावतात किंवा हुद्दा वापरतात, जसं आपण "सर, तुम्ही" यातला "सर" ठेवून सर्वनाम गाळावं तसं. भाषांतराच्या यंत्राने "दाङ्शिन" दिलं तर ते वाक्य तसंच पाठवू नका.

"नुन/उन" आणि "गा/इ" या प्रत्ययांचा गोंधळ मात्र सगळ्या जगाचा आहे. पहिल्याला मराठीतला "तर" किंवा "मात्र" समजून सुरुवात करा: "मी तर जाणार". सगळीकडे बसत नाही, पण पहिले तीन महिने निभावतात.

शब्दकोश आणि कार्डं

नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा कोरियन-इंग्रजी शब्दकोश फोनमध्ये असावाच. उच्चार आणि वापराची वाक्यं देतो, आणि बदललेलं रूप टाकलं तरी बऱ्याचदा मूळ शब्दापर्यंत नेतो. हे महत्त्वाचं, कारण वाक्यात "दॉवॉयो" (गरम होतंय) दिसतं आणि शब्दकोशात मूळ "दॉप्दा" असतं. दुसरा, राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेचा शिकाऊंसाठीचा शब्दकोश. त्यात शब्दांना तारे असतात. तीन तारे म्हणजे प्राथमिक पातळी. धड्यात भेटलेला शब्द पाठ करायचा की सोडून द्यायचा हे ताऱ्यांवरून ठरवा. पापागो हे भाषांतराचं यंत्र वाक्याचा अंदाज घ्यायला ठीक. कोरियन वाक्यात कर्ता बहुतेक वेळा गाळलेला असतो, त्यामुळे यंत्र तो मनाने घालतं आणि कधी "तो"चं "मी" करून टाकतं.

उजळणीसाठी अंकी हे कार्डांचं अॅप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. नवी कार्डं रोज २० अशी मुळातच ठरलेली असतात. ती १०वर आणा. दहा नवी कार्डंसुद्धा काही आठवड्यांत रोजच्या ७०-१०० उजळण्या मागायला लागतात, आणि वीस ठेवणारे बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात ढीग बघून अॅपच काढून टाकतात. रोज १० म्हणजे ८० दिवसांत ८०० शब्द, आणि टोपिक या कोरियनच्या अधिकृत परीक्षेच्या पहिल्या पातळीला साधारण तेवढेच लागतात.

दुसऱ्याने बनवलेला ५,००० शब्दांचा गठ्ठा उतरवू नका. आपल्या धड्यातले शब्द आपण घाला. कार्डाच्या एका बाजूला आवाजासह छोटं कोरियन वाक्य, दुसऱ्या बाजूला अर्थ मराठीत. इंग्रजीत का नको, तर "छुप्दा" आणि "छागाप्दा" दोन्हींपुढे इंग्रजी शब्दकोश "कोल्ड"च लिहितो. मराठीत पहिला म्हणजे थंडी असणं, वाजणं आणि दुसरा हाताला गार लागणं. एकदा मराठीत लिहिलं की गोंधळ कायमचा मिटतो. नात्यांचंही तेच. "नुना" म्हणजे मुलाने म्हटलेली ताई आणि "ऑन्नी" म्हणजे मुलीने म्हटलेली. इंग्रजीतल्या "सिस्टर"मध्ये ना ताई दिसते ना म्हणणारा.

संख्यांची कार्डं वेगळी करा. मोजणीच्या दोन मालिका आहेत, एक देशी आणि एक चिनी मुळाची. घड्याळात तास देशी संख्येत आणि मिनिटं दुसऱ्या: "सेशी सामशिप-बुन", साडेतीन. नुसते आकडे पाठ करण्यापेक्षा वेळा, वयं, किमती अशी वाक्यं घाला.

याच आठवड्यात कीबोर्डही लावून घ्या. फोनवर एकाहून जास्त प्रकार दिसतील. दुबॉल्शिक निवडा, म्हणजे डावीकडे व्यंजनं आणि उजवीकडे स्वर. संगणकावरही हीच मांडणी असल्याने हात एकदाच बसतो. टाइप करायला लागलात की शब्दाचं लेखन पक्कं होतं, कारण बात्छिम चुकला तर शब्दकोश शब्द देतच नाही.

ऐकणं, आणि मालिकांचा मोह

मालिका बघून कोरियन येतं असं म्हणणारे खूप. सबटायटल वाचत तासभर बघितलेली मालिका म्हणजे वाचनाचा सराव, तोही इंग्रजीचा. मालिकेचा उपयोग करायचा तर तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. आधी सबटायटलशिवाय ऐका, मग कोरियन सबटायटल लावून, मग अर्थ बघून, शेवटी पुन्हा काहीही न लावता. संगणकाच्या क्रोममध्ये लँग्वेज रिअॅक्टर हे जोडसाधन टाकलं तर नेटफ्लिक्सवर दोन भाषांची सबटायटल एकत्र दिसतात आणि वाक्य मागे नेता येतं. हे चौथ्या महिन्यापासून. त्याआधी धड्यातलेच संवाद पुन्हा पुन्हा ऐकलेले बरे.

मालिकेतली पात्रं एकमेकांशी बहुतांश "बानमाल"मध्ये, म्हणजे अरे-तुरेत बोलतात. ऐतिहासिक मालिकांतली भाषा तर दरबारी आणि जुनी. तिथलं वाक्य उचलून शिक्षकांना किंवा साहेबांना म्हटलं तर प्रसंग ओढवतो. रांजणगावच्या एलजीत किंवा तळेगावच्या ह्युंदाईत कोरियन वरिष्ठांबरोबर काम करायचं म्हणून जे शिकत आहेत, त्यांनी "-म्निदा"ने संपणारं औपचारिक रूप "-यो"च्या बरोबरीने पहिल्या दोन महिन्यांतच पक्कं करावं. काही अभ्यासक्रम ते फार उशिरा आणतात.

क्लास लावायचा असेल तर

फी विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. पुस्तक कोणतं आणि एका सत्रात त्याचे किती धडे होतात? एका बॅचमध्ये किती जण? लिहिलेलं कोण तपासून देतं? शिकवणाऱ्यांनी टोपिकची कोणती पातळी गाठली आहे? मराठी किंवा हिंदी बोलणारा शिक्षक सुरुवातीला उलट फायद्याचा, कारण "आहे"सारख्या जागी आपण का चुकतो हे त्याला कळतं. उच्चारासाठी मात्र कोरियन माणसाचा आवाज कानावर पडायलाच हवा. बारा-पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर तासाभरात तुमच्या वाट्याला बोलायला दोन-तीन मिनिटंच येतात. मग तेच पैसे पंधरवड्यातून एकदा ऑनलाइन शिक्षकाकडे एकट्याने शिकण्यावर घालवलेले बरे. "तीन महिन्यांत अस्खलित" असं लिहिलेलं असेल तिथे जाऊ नका.

हॅलोटॉक, टँडमसारख्या अॅपवर कोरियन माणसं बोलायला मिळतात. निदान तीनशे-चारशे शब्द झाल्यावर जा, नाहीतर बोलणं इंग्रजीतच होतं. अनोळखी माणसाला फोन नंबर, पत्ता किंवा पैसे देऊ नका.

साधन लागू पडतंय का, हे कसं कळणार

टोपिक ही कोरियनची अधिकृत परीक्षा १९९७पासून होते. नवशिक्यांसाठीचा टोपिक एक २०० गुणांचा असतो: ऐकण्याचे ३० प्रश्न ४० मिनिटांत, वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत. लेखन आणि बोलणं त्यात नाही. ८० गुणांना पहिली पातळी, १४० गुणांना दुसरी. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. भारतात कुठल्या केंद्रांवर परीक्षा आहे ते प्रत्येक वेळी जाहीर होतं, म्हणून प्रवास ठरवण्याआधी यादी बघा.

परीक्षा द्यायची नसली तरी जुन्या प्रश्नपत्रिका आणि ऐकण्याच्या फाइल अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवून ठेवा. रोज ४५ मिनिटं (२० धडा, १५ कार्डं, १० ऐकणं) असा अभ्यास सुरू असेल तर चौथ्या महिन्याच्या शेवटी एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. २०१४मध्ये परीक्षेचा नमुना बदलला, तेव्हा त्यानंतरचीच घ्या.

निकालातून साधनाचा दोष दिसतो. वाचनात बरे गुण आणि ऐकण्यात फार कमी, तर तुमचा अभ्यासक्रम आवाजाविना चाललाय किंवा तुम्ही फाइल ऐकतच नाही. दोन्हीकडे शब्दच अनोळखी, तर कार्डं रोज होत नाहीत. शब्द ओळखीचे पण वाक्याचा अर्थ उलटा लागतो, तर प्रत्यय कच्चे आहेत. व्याकरणाच्या पुस्तकातलं प्रत्ययांचं प्रकरण स्वाध्यायांसह पुन्हा करा. आणि पेपर वेळेत पूर्णच होत नसेल तर वाचनाचा वेग कमी आहे. अशा वेळी नवं साधन शोधू नका. झालेल्या धड्यांतले संवाद रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, आवाजाच्या फाइलबरोबर तिच्याच वेगात, आणि सहा आठवड्यांनी दुसरी प्रश्नपत्रिका लावा.